महाबळेश्वरचा कातळ आणि डायनासोरचा शेवटचा दिवस

महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटवर सूर्योदय पाहायला पहाटे जी गर्दी जमते, तिच्या पायाखालचा कातळ डायनासोर संपल्यानंतर तयार झालेला आहे. आपण डोंगराला अनादि समजतो आणि डायनासोरला त्याहून जुनं, कुठल्या तरी दूरच्या देशातलं जनावर समजतो. प्रत्यक्षात डायनासोरचा शेवट आणि या डोंगराचा जन्म यांत फार थोडं अंतर आहे. आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरायला लागा. जसजसं खाली जाल तसतसे थर जुने होत जातात, आणि घाटाच्या तळाच्या बाजूला कुठेतरी आपण डायनासोर जिवंत असलेल्या काळात पाऊल टाकतो. ती रेघ नेमकी कुठे आहे यावर गेल्या दहा-बारा वर्षांत जगातल्या दोन नामांकित प्रयोगशाळांमध्ये मोठा वाद झाला. तो वाद समजून घेतला की डायनासोर कसे संपले या प्रश्नाचं आजचं उत्तरही समजतं.

या वादात सातारा जिल्ह्याचं नाव सतत येतं. सह्याद्रीतल्या लाव्हाच्या वरच्या, सर्वांत जाड थरांच्या गटाला जगभरचे भूशास्त्रज्ञ 'वाई सबग्रुप' म्हणतात. त्यातल्या तीन मुख्य पायऱ्यांची नावं खालून वर अशी: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. 1980च्या दशकात या घाटांतल्या दगडांची रासायनिक तपासणी करून ही मांडणी झाली. आपल्याकडे वाई म्हटलं की ढोल्या गणपती, कृष्णेचे घाट आणि विश्वकोश आठवतो. पण अमेरिकेत किंवा युरोपात भूशास्त्र शिकणारा विद्यार्थी वाई हे नाव डायनासोरच्या धड्यात वाचतो. सातारा-सांगलीच्या शाळांमध्ये हे मुलांना आवर्जून सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आधी हा दगड कसा आला ते पाहू. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारत आशियाला जोडलेला नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाच्या आसपास होता आणि वर्षाला पंधरा सेंटिमीटरहून जास्त वेगाने उत्तरेकडे सरकत होता. पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या अतितप्त द्रव्याचा एक झोत त्याच्या खाली होता. त्याने जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि त्या भेगांतून लाव्हा बाहेर आला. चित्रात दाखवतात तसा एक शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्याच्या तोंडातून उडणारी आग, असं इथे फारसं नव्हतं. पातळ लाव्हा भेगांतून वर यायचा, सपाट जमिनीवर मैलोन्‌मैल पसरायचा आणि थिजायचा. मग काही काळ शांतता, मग पुन्हा नवा लोंढा. परडीत एकावर एक भाकरी टाकत जावं तशी ही चवड वाढत गेली. आज उरलेल्या दख्खनच्या या कातळाखाली सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर जमीन झाकलेली आहे. अख्ख्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. झीज होण्याआधी तो याहून खूप मोठा होता.

ही चवड दक्षिणेकडे किंचित कललेली आहे. त्यामुळे उत्तरेला, कळसूबाई-इगतपुरीकडे जुने थर वर दिसतात आणि दक्षिणेला पन्हाळ्याकडे यावं तसे तरुण थर भेटतात. सांगलीच्या खाली, कर्नाटकात बेळगाव-गोकाकच्या बाजूला लाव्हाची हद्द संपत जाते. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो आपला काळा बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा दगड, नाही; त्याहून कितीतरी जुना वालुकाश्म आहे. आणि पूर्वेला? 2008 मध्ये स्टीफन सेल्फ आणि सहकाऱ्यांनी आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या लाव्हाची ओळख पटवली. तो दगड आंबेनळी आणि महाबळेश्वर थरांशी जुळतो. म्हणजे आपल्याकडच्या भेगांतून निघालेले काही लोंढे जवळजवळ हजार किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागरापर्यंत गेले होते. पृथ्वीवर ठाऊक असलेले हे सर्वांत लांब लाव्हाप्रवाह असावेत.

खाली किती खोलवर हा दगड आहे, हे कोयनेने दाखवलं. 11 डिसेंबर 1967च्या भूकंपानंतर तिथे धरणीकंप का होतात याचा अभ्यास चालू राहिला आणि त्यासाठी कोयना परिसरात खोल विवरं घेतली गेली. त्यातलं एक सुमारे तीन किलोमीटर खोल गेलं. ते 2017 मध्ये पूर्ण झालं. या कामासाठी कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा आहे. विवरांतून निघालेल्या दगडी गाभ्यांनी सांगितलं की बेसाल्टची चवड कुठे नऊशे मीटर तर कुठे सव्वा किलोमीटर जाड आहे आणि तिच्याखाली थेट ग्रॅनाइटचा, अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा तळ आहे. या गाभ्यांमध्ये आयआयटी खरगपूरच्या पिनाकी सार यांच्या गटाला सूक्ष्मजीवांचा डीएनए मिळाला. उजेड नाही, हवा नाही, शेकडो मीटर घट्ट दगड, आणि त्याच्या बारीक फटींतल्या पाण्यात जिवाणू. जीवसृष्टी म्हटलं की आपण झाडं-प्राणी मोजतो. ही सगळी जीवसृष्टी आपल्या हिशोबात नसतेच.

आता तांबड्या पट्ट्याकडे येऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यात आहे. पसरणी घाटात किंवा सह्याद्रीतल्या कुठल्याही घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे नीट पाहा. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाची आडवी रेघ दिसते. कुठे वीतभर, कुठे हातभर, कुठे पुरुषभर जाड. काळ्या पाषाणावर हातोडी आपटली तर ठणका परत येतो. या पट्ट्यात बोट घातलं तरी चुरा होतो आणि बोटाला गेरूसारखा रंग लागतो. विहीर खणणाऱ्यांना हा थर चांगला माहीत आहे. एक लोंढा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्या काळात वरचा दगड पावसापाण्याने कुजला, त्यातल्या लोखंडाला गंज चढला, वर राख आणि धूळ बसली. मग नवा लाव्हा आला आणि त्याने ही माती भाजून काढली. तांबडा पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधली सुट्टी.

या पट्ट्यांत डायनासोरची हाडं सापडत नाहीत. आपल्याकडचे थर भराभर साचले, मध्ये तळी-दलदली टिकायला फारसा अवकाश मिळाला नाही, म्हणून सातारा-सांगलीच्या कातळात जीवाश्म शोधत हिंडण्यात अर्थ नाही. मुंबईत वरळीच्या टेकडीवर लाव्हांमधल्या गाळात बेडूक मिळाले, चंद्रपूरकडे आणि नर्मदेच्या खोऱ्यात डायनासोर मिळाले. आपल्या वाट्याला जीवाश्म आले नाहीत, तारखा आल्या. आणि डायनासोरच्या बाबतीत तारखाच कमी पडत होत्या.

कमी का पडत होत्या ते सांगतो. 1980 मध्ये लुईस आणि वॉल्टर अल्वारेझ या बाप-लेकांनी फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासोबत एक शोध जाहीर केला. इटलीत गुब्बियो गावाजवळ चुनखडीच्या थरांत एक सेंटिमीटरभर जाडीची चिकणमातीची रेघ आहे. तिच्या खाली डायनासोरच्या युगातले सूक्ष्म सागरी जीव, वर जवळजवळ काहीच नाही. या मातीत इरिडियम हा धातू नेहमीपेक्षा तीसपट निघाला. इरिडियम पृथ्वीच्या कवचात अगदी विरळ असतो, कारण पृथ्वी वितळलेली होती तेव्हाच तो लोखंडाबरोबर गाभ्यात बुडाला. लघुग्रहांत मात्र तो भरपूर असतो. मग मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पात चिक्शुलूब इथे जमिनीखाली आणि समुद्राखाली गाडलेलं सुमारे 180 किलोमीटर रुंद विवर सापडलं; 1991 मध्ये त्याची ओळख पक्की झाली. दहा किलोमीटरच्या आसपासच्या लघुग्रहाने ते पाडलं. 2024 मध्ये रुथेनियम या धातूच्या तपासणीवरून असंही समजलं की तो लघुग्रह गुरूच्याही पलीकडे तयार झालेल्या, कार्बनयुक्त जातीचा होता.

लघुग्रह सापडला म्हणून प्रश्न मिटला नाही. त्याच सुमाराला दख्खनमध्ये लाव्हा ओतला जात होता, हेही तितकंच खरं होतं. एवढा लाव्हा म्हणजे त्याच्याबरोबर प्रचंड प्रमाणात कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू. पृथ्वीवरच्या याआधीच्या मोठ्या सामूहिक विनाशांच्या वेळीही अशाच प्रचंड लाव्हाचे पुरावे आहेत. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी सायबेरियात असंच झालं होतं. म्हणून प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर यांच्यासारखे अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत राहिले की डायनासोर दख्खनने मारले. यावर निकाल लागायचा तर लाव्हा नेमका कधी आला हे कळायला हवं होतं: लघुग्रहाच्या आधी, नंतर, की दोन्हीकडे थोडा थोडा? जुन्या पद्धतींत वयाची चूक पाच-दहा लाख वर्षांची असायची. संपूर्ण दख्खनचा बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळात बाहेर पडला. चुकीचा पट्टा एवढा रुंद असेल तर आधी-नंतर ठरवणार कसं?

दगडाचं वय काढण्याचे इथे दोन मार्ग वापरले गेले, आणि ते समजायला अवघड नाहीत.

पहिला पोटॅशियमचा. बेसाल्टमधल्या खनिजांत पोटॅशियम असतं. त्याचा एक प्रकार, पोटॅशियम 40, अतिशय हळू पण ठरलेल्या गतीने बदलत राहतो आणि त्यातून आर्गॉन वायू बनतो. निम्मं पोटॅशियम 40 संपायला 125 कोटी वर्षं लागतात. लाव्हा तापलेला असतो तेव्हा आधीचा आर्गॉन उडून जातो. दगड थिजला की पुढे तयार होणारा आर्गॉन स्फटिकात अडकून पडतो. किती साठला आहे ते मोजलं की दगड कधी थिजला ते निघतं. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या पॉल रेने आणि कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने हा मार्ग धरला. त्यांच्यासोबत आयआयटी मुंबईचे कांचन पांडे होते.

दुसरा युरेनियमचा, आणि इथे आपला तांबडा पट्टा येतो. झिरकॉन नावाचं एक खनिज असतं. त्याचे कण बहुधा उघड्या डोळ्यांना दिसतही नाहीत इतके बारीक. हा स्फटिक तयार होताना युरेनियम आत घेतो पण शिशाला जवळजवळ थारा देत नाही. युरेनियमचं कालांतराने शिसं होतं, म्हणजे आज त्यात जे शिसं आहे ते नंतर आत तयार झालेलं. त्यावरून वय निघतं आणि ते कमालीचं बारकाईने निघतं. अडचण एवढीच की बेसाल्टमध्ये झिरकॉन जवळजवळ नसतात. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोएन यांच्या गटाने ते तांबड्या पट्ट्यांत शोधले. या सुट्टीच्या काळात दुसऱ्या, जास्त स्फोटक ज्वालामुखींची राख इथे येऊन पडली होती आणि तिच्यात झिरकॉन होते. पोतंभर माती आणायची, धुवायची, जड कण वेगळे करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक झिरकॉन निवडायचा, ॲसिडमध्ये विरघळवायचा आणि आतलं युरेनियम-शिसं मोजायचं. या गटात अमरावती विद्यापीठाचे सय्यद खाद्री होते; घाटांतले थर त्यांना आधीपासून पाठ होते. रस्ता रुंद करताना जेसीबीने ओरबाडून टाकलेल्या मातीत एवढं काही असू शकतं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

दोन्ही गटांचे निष्कर्ष फेब्रुवारी 2019 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. आणि ते जुळले नाहीत.

बर्कलीचं म्हणणं: लाव्हा थोडा कमीजास्त होत, पण सलग येत राहिला, आणि त्याचा तीन चतुर्थांश भाग लघुग्रह आदळल्यानंतर बाहेर पडला. आदळण्याचा क्षण वाई सबग्रुपच्या तळाशी, पोलादपूर थर सुरू होण्याच्या सुमाराला येतो. लघुग्रहाच्या धक्क्याने पृथ्वी हादरली आणि दख्खनचा लाव्हा त्यामुळेच वाढला असावा, अशी कल्पनाही याच गटाने 2015 मध्ये मांडली होती.

प्रिन्स्टनचं म्हणणं: लाव्हा चार जोरदार उसळ्यांमध्ये आला, मधे मधे थांबला. पोलादपूरची उसळी लघुग्रहाच्या आधी, कित्येक हजार वर्षं आधी सुरू झाली. म्हणजे आदळण्याचा क्षण पोलादपूर थराच्या वरच्या अंगाला येतो, आणि जीवसृष्टी लघुग्रहाच्या आधीच अडचणीत आलेली असू शकते.

आंबेनळी घाटात फरक पाहायचा तर तो एवढा: डायनासोरचा शेवटचा दिवस एकांच्या मते पोलादपूर थराच्या पायाशी आहे, दुसऱ्यांच्या मते माथ्याशी. काळात मोजलं तर फरक कित्येक हजार वर्षांचा. साडेसहा कोटी वर्षांमागे जाऊन एवढ्याशा फरकावर भांडता येतं, ही या शास्त्राची मोठीच मजल आहे. आणि भांडणातही एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे: महाबळेश्वर थर डायनासोरच्या नंतरचे.

आता खरी मेख. जीव मारायला लाव्हा लागत नाही, वायू लागतो. कोकणात लाव्हा वाहिला म्हणून कॅनडातला डायनासोर मरणार नाही; हवामान बिघडलं तर मरेल. आणि वायू लाव्हाबरोबरच निघतो असं नाही, बराचसा आधीही निसटू शकतो. म्हणून नुसत्या लाव्हाच्या तारखा पुरत नाहीत, त्या काळचं तापमानही हवं. 2020 मध्ये येल विद्यापीठाच्या पिन्सेली हल यांच्या गटाने समुद्रतळाच्या गाळावरून दाखवलं की लघुग्रहाच्या दोनेक लाख वर्षं आधी पृथ्वी सुमारे 2 अंशांनी तापली होती, पण आदळण्याच्या वेळेपर्यंत तापमान पुन्हा खाली आलं होतं. डिसेंबर 2024 मध्ये लॉरेन ओ'कॉनर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जुन्या दलदलींच्या गाळातून जमिनीवरचं तापमान काढलं. त्यात लघुग्रहाच्या तीस हजार वर्षं आधी तापमान साधारण 5 अंशांनी घसरलेलं दिसतं. गंधकाच्या वायूंनी सूर्यप्रकाश अडवला की असंच होतं, आणि ही वेळ पोलादपूरच्या उसळीशी जुळते. पण दहा हजार वर्षांत तेही सावरलं. लघुग्रह आला तेव्हा हवामान जागेवर होतं.

म्हणून आज जे पुरावे हाताशी आहेत त्यावरून मी लघुग्रहाच्याच बाजूने कौल देईन. दख्खनने त्रास दिला, जीव घेतला नाही. 2020 मध्येच अल्फियो किआरेंझा यांच्या गटाने संगणकावर दोन्ही शक्यता चालवून पाहिल्या: लघुग्रहामुळे डायनासोरना राहण्याजोगी जमीन जवळपास उरत नाही, ज्वालामुखीमुळे उरते. उलट दख्खनच्या कार्बन डायऑक्साइडने लघुग्रहानंतरचा गारठा थोडा कमी केला असावा, असं त्यांना आढळलं. वर्षानुवर्षं संशयित म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवलं, त्या आपल्या कातळाने काही जीव वाचवलेही असतील.

लघुग्रहाने काय केलं ते एका जागी फार जवळून दिसतं. अमेरिकेत नॉर्थ डकोटामध्ये तानिस नावाची जागा आहे, विवरापासून सुमारे 3,000 किलोमीटर दूर. तिथे नदीतले मासे, स्टर्जन आणि पॅडलफिश, गाळात एकमेकांवर गाडले गेलेत. त्यांच्या कल्ल्यांमध्ये काचेचे बारीक मणी अडकलेले आहेत. आदळण्याच्या जागी दगड वितळून आकाशात उडाला, थिजून काचेचे थेंब झाला आणि पाऊस पडावा तसा खाली आला. मासे श्वास घेताना ते कल्ल्यांत गेले, पण पोटापर्यंत पोहोचायच्या आत भूकंपाने उसळलेल्या पाण्याने मासे गाडून टाकले. म्हणजे धडक आणि मृत्यू यांत फार तर काही तासांचं अंतर. मेलानी ड्युरिंग यांनी या माशांच्या हाडांतल्या वाढीच्या रेघा तपासल्या; झाडाच्या खोडात वर्षावर्षाची वलयं दिसतात, तशीच हाडांतही ऋतूंची नोंद राहते. 2022 मध्ये त्यांनी सांगितलं की मासे मेले तेव्हा उत्तर गोलार्धात वसंत ऋतू होता. पिल्लं जन्मण्याचा काळ. दक्षिण गोलार्धात तेव्हा शरद चालू होता, आणि भारत दक्षिण गोलार्धात होता.

त्यानंतरची वर्षं वाईट होती. तानिसच्याच गाळातल्या धुळीचा अभ्यास करून 2023 मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी अंदाज काढला की बारीक धूळ पंधरा वर्षांपर्यंत हवेत राहिली असावी आणि जवळजवळ दोन वर्षं झाडांना अन्न बनवण्याइतकाही उजेड मिळाला नसावा. झाडं गेली की झाडं खाणारे गेले, मग त्यांना खाणारे. पृथ्वीवरच्या सुमारे 75 टक्के प्रजाती संपल्या. डायनासोरांपैकी पक्ष्यांची शाखा तेवढी राहिली.

डायनासोर आधीपासूनच उतरणीला लागले होते का, हा वेगळा प्रश्न. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या थरांवरचं संशोधन आलं. तिथले डायनासोर शेवटच्या चार लाख वर्षांतले आहेत आणि उत्तरेकडच्या त्यांच्या भाईबंदांपेक्षा वेगळ्या जातींचे आहेत. ठिकठिकाणी आपापली निराळी कुळं नांदत असतील तर त्याला उतरती कळा म्हणता येत नाही. भारतातला पुरावाही याच्याशी विसंगत नाही. कच्छमधल्या अंजारला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात डायनासोरची हाडं आणि अंड्यांची टरफलं सापडली; म्हणजे उद्रेक सुरू झाल्यावरही ते तिथे अंडी घालत होते. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात 2023 मध्ये 92 घरटी आणि 256 अंडी नोंदली गेली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला मिळालेल्या शेणाच्या जीवाश्मांत 2005 मध्ये गवताचे अंश सापडले, त्यात भाताच्या कुळाशी नातं सांगणारेही. तोपर्यंत डायनासोरच्या काळात गवत होतं हेच कुणी धरलं नव्हतं.

मग उरलेल्यांचं काय झालं? याचं सर्वांत चांगलं उत्तर कोलोरॅडोतून आलं. टायलर लायसन या संशोधकाने तिथल्या कोरल ब्लफ्स भागात हाडं शोधणं सोडून पांढरट गोटे शोधायला सुरुवात केली. दिसायला साधा दगड. फोडला की आत दातांसकट कवटी. 2019 मध्ये त्यांनी विनाशानंतरच्या दहा लाख वर्षांची हकीकत मांडली. सुरुवातीला उंदीर-घुशीएवढे सस्तन प्राणी आणि जिकडेतिकडे नेचे. लाखभर वर्षांत सस्तन प्राण्यांच्या जाती दुप्पट झाल्या. तीन लाख वर्षांच्या सुमारास सर्वांत मोठ्या प्राण्याचं वजन तिप्पट झालं. सात लाख वर्षांनी आणखी मोठे प्राणी दिसतात, आणि नेमक्या त्याच थरात शेंगांचे जीवाश्म मिळतात. शेंगावर्गातल्या झाडांचे ठाऊक असलेले सर्वांत जुन्यांपैकी. शेंगेत प्रथिनं भरपूर, हे कोरेगावच्या वाघ्या घेवड्याच्या मुलखात कुणाला सांगायला नको. चांगलं अन्न मिळालं आणि सस्तन प्राणी वाढले, असा लायसन यांचा कयास आहे. विनाशानंतरच्या याच दहा लाख वर्षांत इकडे महाबळेश्वरचे थर एकावर एक चढत होते.

आपल्या भूमीवर या दुहेरी संकटातून कोण पार पडलं याचा एक साक्षीदार पाटण तालुक्यात जिवंत आहे. पावसाळ्यात ओली माती उकरताना गांडुळासारखा, पण जाड, चकचकीत, अंगावर वळ्या असलेला एक प्राणी निघतो. त्याला देवगांडूळ म्हणतात. तो गांडूळ नाही आणि सापही नाही; बेडकाच्या गोतातला, पाय नसलेला उभयचर आहे. त्याला जबडा आहे, दात आहेत, बिनविषारी आहे. साप समजून त्याला मारतात, हे थांबायला हवं, कारण तो कुणालाही चावून इजा करणारा प्राणी नाही आणि मातीतले किडे-गांडुळं खाऊन राहतो. कोयना परिसरातल्या हुंबर्ली इथून त्याची एक नवी जात 2004 मध्ये शास्त्राला कळली. तिच्या नावात महाराष्ट्राचं नाव आहे, इंडोटायफ्लस महाराष्ट्राएन्सिस.

या देवगांडुळाच्या कुळातली भावंडं कुठे सापडतात? सेशेल्स बेटांवर, मध्ये अडीच-तीन हजार किलोमीटर समुद्र असताना. मातीत राहणारा, खाऱ्या पाण्यात न टिकणारा प्राणी पोहून जाणं शक्य नाही. दख्खनचा लाव्हा वाहत होता तेव्हा सेशेल्स भारताला चिकटलेलं होतं. उद्रेक ओसरता ओसरता, साधारण 6 कोटी 30 लाख वर्षांपूर्वी ते तुटून मागे राहिलं आणि भारत उत्तरेला निघून गेला. दोन्हीकडच्या देवगांडुळांचे पूर्वज त्याआधीच इथल्या मातीत होते. लाव्हा एकदम सगळीकडे पसरला नव्हता, दोन लोंढ्यांमध्ये माती तयार व्हायला वेळ मिळत होता, आणि दक्षिणेचा मोठा भाग कोरडाच राहिला होता. जमिनीखाली राहणाऱ्या, थोड्या अन्नावर भागवणाऱ्या प्राण्याला लघुग्रहानंतरचा अंधारही इतरांपेक्षा कमी जाचला असणार. पाटणच्या डोंगरउतारावरची माती ज्या कातळाची बनली आहे, तो कातळ थिजायच्या आधीपासून हे कुळ या भूमीवर आहे.